खरेदी आणि करार विभाग: इंडेंटपासून बिल पास होईपर्यंत

करारपत्र
सोमवार, सकाळी ९:४०

दीड-दोनशे माणसांचा मशीन शॉप धरा, चाकण-भोसरी पट्ट्यातला. तिथे खरेदी विभाग म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती भाव पाडून आणणारी माणसं. प्रॉडक्शनच्या मते हे उशीर करतात, अकाउंट्सच्या मते जास्त पैसे देतात आणि वेंडरच्या मते बिलं अडवतात. या विभागाचं खरं काम काय, याबद्दल मराठीत सलग लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. जाणकारांनी भर घालावी, चूक दिसली तर जरूर दाखवावी.

माझ्या मते या विभागाची कामं दोनच. कंपनीच्या नावाने बाहेर शब्द द्यायचा तो एकाच दारातून, हे पहिलं. दुसरं म्हणजे तो शब्द कागदावर असा उतरवायचा की माल गेटवर आल्यावर स्टोअर, क्वालिटी आणि अकाउंट्सला कोणालाही फोन करावा लागू नये. वेंडर शोधणं, घासाघीस, पाठपुरावा हे सगळं या दोन कामांच्या पोटात येतं.

सुरुवात इंडेंटपासून (विभागाने खरेदीकडे पाठवलेली मागणी चिठ्ठी), कारण निम्मे घोटाळे तिथेच जन्मतात. मेंटेनन्सकडून चिठ्ठी येते: "बेअरिंग ६२०५, १० नग." आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५, एवढंच ६२०५ या आकड्यातून कळतं. दोन्ही बाजूंना पत्र्याची ढाल हवी (झेडझेड), रबरी सील हवं (२आरएस) की उघडं बेअरिंग हवं, हे त्यात नाही. गरम चालणाऱ्या मोटरसाठी सी३ क्लिअरन्स लागणार का, तेही नाही. खरेदीवाला सर्वांत स्वस्त म्हणून उघडं बेअरिंग मागवतो, ते ग्राइंडिंगच्या धुळीत बसतं, आणि थोड्याच दिवसांत आवाज करायला लागल्यावर दोष "स्वस्तातल्या खरेदी"वर जातो. चूक वर्णनातली होती. त्यामुळे अपुरा इंडेंट त्याच दिवशी परत पाठवणं हे खरेदीवाल्याचं कर्तव्यच आहे, आणि त्याला आडमुठेपणा म्हणू नये. आयटम कोड, पूर्ण वर्णन, ड्रॉइंग क्रमांक आणि रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती), संख्या, कोणत्या तारखेला हवं, आज स्टोअरमध्ये किती आहे, खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा आणि मंजुरीची सही, एवढं इंडेंटवर असलंच पाहिजे.

रिव्हिजन मुद्दाम लिहिली त्याला कारण आहे. डिझाइनने भोकाचा टॉलरन्स बदलून रिव्हिजन सी काढली, पीओवर (वेंडरला दिलेल्या खरेदी ऑर्डरवर) नुसता ड्रॉइंग क्रमांक गेला आणि वेंडरच्या फायलीत बी पडलेली असेल, तर माल बी प्रमाणेच येणार. तो नाकारायचा हक्कही मग डळमळीत होतो, कारण सी हवी असं तुम्ही लिहिलेलंच नव्हतं.

पुढची पायरी कोटेशनची. तीन वेंडरना एकाच दिवशी, एकाच शब्दांत चौकशी जावी आणि शेवटची तारीख एकच असावी. तुलना तक्ता मूळ भावावर मांडायचा नाही, माल आपल्या रॅकवर येऊन पडेपर्यंत जे लागेल त्यावर मांडायचा: वाहतूक, पॅकिंग, विमा, उधारीचे दिवस, टूलिंगचा वाटा, रिजेक्शनचा अंदाज. जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करणं) मिळणार असेल तर तो कर तुलनेत धरू नका. मिळणार नसेल तर मात्र धरावाच लागतो.

मग पीओ. दर, संख्या आणि तारीख सगळेच लिहितात. जे राहून जातं ते असं:

- दर एक्स-वर्क्स (वेंडरच्या दारात, वाहतूक आपली) की आपल्या दारात पोच. "एफओआर" हा शब्द आपल्याकडे सर्रास चालतो, पण तो इन्कोटर्म्स २०२० मध्ये (पोच-अटींच्या आंतरराष्ट्रीय यादीत) नाही. नुसतं "एफओआर" लिहून थांबू नका. "एफओआर आमचा कारखाना, उतराई वेंडरकडे" असं पूर्ण लिहा.
- उधारीचे दिवस कुठून मोजायचे. बिलाची तारीख, मालाची पोच आणि जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) या तिन्हींत सहज आठवड्याचा फरक पडतो.
- कमी-जास्त संख्येची सूट. ओतीव आणि फोर्जिंगमध्ये २ ते ५ टक्के चालवून घेतात, पण ते लिहिलेलं हवं. नाहीतर ५०० च्या जागी ५२० आले की स्टोअर अडतं.
- मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मालाबरोबर हवं, आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या त्या ओतीचा क्रमांक) मालावरच्या नंबराशी जुळायला हवा.
- नाकारलेला माल किती दिवसांत उचलायचा आणि कोणाच्या खर्चाने.
- उशीर झाला तर काय.

पीओ मेल केला की काम संपलं, असं समजू नये. वेंडरच्या कोटेशनच्या मागे त्याच्या स्वतःच्या अटी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त असावी लागते. वेंडरने "तुमची ऑर्डर मिळाली, आमच्या अटी लागू" असं उत्तर धाडलं, तर तो नवा प्रस्ताव झाला. त्यावर तुम्ही गप्प राहून माल उतरवून घेतलात, की अटी कोणाच्या यावर वादाला जागा झाली. म्हणून पीओची सही-शिक्क्याची प्रत किंवा मेलवर स्पष्ट "मान्य" मागवायचं, आणि ते आल्याशिवाय आगाऊ रक्कम सोडायची नाही.

शेवटी बिल. पीओ, जीआरएन आणि बिल या तीन कागदांवर दर, संख्या आणि कर जुळले तरच बिल पास. सॅप सॉफ्टवेअर असेल तर एमई२१एन या स्क्रीनला पीओ, मिगोला जीआरएन, मिरोला बिल. टॅली आणि रजिस्टरवर चालणाऱ्या ठिकाणीही हेच तीन कागद टाचणीने एकत्र लावतात. न जुळणाऱ्या बिलासाठी जुन्या तारखेची पीओ दुरुस्ती करायची नाही. माल घेताना काय ठरलं होतं, याचा पुरावा त्या दुरुस्तीने कायमचा पुसला जातो.

---

ओतीवकाम
सोमवार, दुपारी १:०५

तुलना तक्त्याचं एक उदाहरण देतो, आकडे नमुन्याचे. १० किलोचं ग्रे आयर्न कास्टिंग, १,००० नग. म्हणजे १०,००० किलो.

फौंड्री अ (शिरोली, कोल्हापूर): ९२ रुपये किलो एक्स-वर्क्स, वाहतूक ३.५० रुपये किलो, ३० दिवस उधार, रिजेक्शन ४ टक्के.
फौंड्री ब (गोकुळ शिरगाव): ९७ रुपये किलो पोच, ६० दिवस उधार, रिजेक्शन १ टक्का.

वरवर बघता अ ५ रुपयांनी स्वस्त. आता रिजेक्शन धरा. ब्लो होल (कास्टिंगच्या आत राहिलेली हवेची पोकळी) ओतीव पृष्ठभागावर दिसत नाही, मशीनवर पहिला कट घेतल्यावर उघडं पडतं. फौंड्री कास्टिंग बदलून देते, पण तोवर झालेल्या मशीनिंगचे पैसे तुमचेच जातात. एका नगाला मशीनिंग १८० रुपये धरलं तर अ चे ४० नग गुणिले १८० म्हणजे ७,२०० रुपये. परतीची वाहतूक ४०० किलोची १,४०० रुपये. एकूण ८,६००, म्हणजे किलोला ८६ पैसे. ब चे १० नग, १,८०० रुपये, किलोला १८ पैसे. परतीची वाहतूक त्याच्याकडे.

उधारी: वार्षिक १२ टक्के व्याज धरलं तर ३० दिवस जास्तीचे म्हणजे १ टक्का, ९७ पैसे.

अ: ९२ + ३.५० + ०.८६ = ९६.३६
ब: ९७ + ०.१८ − ०.९७ = ९६.२१

म्हणजे ब १५ पैशांनी स्वस्त पडतो. ४० नग बाद झाल्यावर लाइन थांबते, त्याचा खर्च यात अजून धरलेलाच नाही.

---

हिशेबनीस
सोमवार, दुपारी ३:३०

@ओतीवकाम, मांडणी उत्तम. पण त्यातला एक आकडा कायद्यात टिकत नाही. ब फौंड्री उद्यमवर (लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीवर) सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंदलेली असेल तर ६० दिवसांची उधारी लिहून काही उपयोग नाही. एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, आणि नसला तर १५ दिवस. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी झाली आहे, त्यामुळे या व्याख्येत आता आणखी फौंड्र्या येतात.

४५ दिवस धरून फिरवा. जास्तीची उधारी १५ दिवसांची, अर्धा टक्का, सुमारे ४८ पैसे. ब येतो ९७ + ०.१८ − ०.४८ = ९६.७०. आता अ ३४ पैशांनी स्वस्त. निकाल उलटला.

आणि ६० व्या दिवशीच पैसे दिले तर? कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. हे व्याज आयकरात खर्च म्हणून मिळत नाही (कलम २३). त्यातच २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं. मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. ३१ मार्चला थकलेली फौंड्रीची बिलं त्या वर्षीच्या नफ्यात मिळवून कर भरावा लागतो. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरतूद राहिली.

सगळ्यांना हे लागू नाही. मध्यम उद्योग या संरक्षणात येत नाहीत, आणि उद्यमवर असलेला निव्वळ व्यापारीही नाही. म्हणून वेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या नोंदीत) दोन वेगळे रकाने हवेत: सूक्ष्म/लघु/मध्यम, आणि उत्पादक/सेवा/व्यापारी. उद्यम प्रमाणपत्र दरवर्षी एप्रिलमध्ये नव्याने मागवा, वर्गवारी बदलते. हे काम करार विभागाचं आहे. अकाउंट्सला ते मार्चमध्ये कळून काय उपयोग?

---

स्टोअर_इनवर्ड
सोमवार, सायंकाळी ६:१५

वरच्या मुद्द्याची स्टोअरकडची बाजू सांगतो, ती बहुतेक ठिकाणी चुकते. ते ४५ दिवस जीआरएनपासून मोजतात असा समज आहे. कायद्यात ते स्वीकृतीच्या दिवसापासून आहेत, आणि माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत गेली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. क्वालिटीने माल तीन आठवडे "तपासणी बाकी" म्हणून ठेवला तरी घड्याळ गेटवरच सुरू झालेलं असतं. त्यामुळे:

गेटवर चलनावर तारीख-वेळेचा शिक्का, त्याच दिवशी इनवर्ड. क्वालिटीला जास्तीत जास्त ७ दिवस. नाकारायचं असेल तर रिजेक्शन नोट त्याच आठवड्यात मेलवर, नगांची संख्या, मोजलेला आकडा आणि ड्रॉइंगमधला आकडा लिहून. "माल खराब" एवढ्यावर ती हरकत टिकत नाही, आणि वेंडरलाही नेमकं काय सुधारायचं ते कळत नाही.

वजनाच्या मालात (बार, पत्रा, स्क्रॅप) गाडी भरलेली आणि रिकामी दोन्ही वेळा काट्यावर घाला. पावतीवर गाडी नंबर जुळतो का बघा. वेंडरच्या काट्यात आणि आपल्या काट्यात थोडा फरक येणारच. किती फरक सोडायचा आणि त्यापुढे कोणाचं वजन धरायचं, हे पीओत नसेल तर दर गाडीला भांडण.

मागवायच्या पातळीबद्दलही. खप रोज ४० नग, माल यायला १२ दिवस, सुरक्षित साठा ४ दिवसांचा १६०. गणित करून लोक ६४० वर मागवायला बसतात आणि तरी रॅक रिकामं पडतं. कारण १२ दिवस हे पीओपासून गेटपर्यंतचे. इंडेंटच्या मंजुरीला ३ दिवस, गेट ते क्वालिटी ओके २ दिवस. खरे १७ दिवस. १७ गुणिले ४० म्हणजे ६८०, अधिक १६०, म्हणजे ८४०. हे ५ दिवस कोणाच्याच खात्यात नसतात म्हणून विसरले जातात.

---

नवा_बायर
मंगळवार, सकाळी १०:१०

खूप उपयोगी धागा. एक प्रश्न. उशिराबद्दल पीओत "दर आठवड्याला ०.५ टक्के, कमाल ५ टक्के" असं छापलेलं असतं. माल उशिरा आला की ते सरळ बिलातून कापायचं का? वेंडर म्हणतात आमच्यामुळे तुमचं काय नुकसान झालं ते दाखवा.

---

करारपत्र
मंगळवार, सकाळी ११:४५

@नवा_बायर, वेंडरचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत "वाजवी" भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने सॉ पाइप्स (२००३) मध्ये म्हटलं की आधीच केलेला अंदाज प्रामाणिक असेल आणि नुकसान मोजणं अवघड असेल तर तो आकडा धरता येतो. कैलाशनाथ (२०१५) मध्ये स्पष्ट केलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. म्हणून लाइन थांबल्याची नोंद, दुसरीकडून चढ्या भावात घेतलेल्या मालाचं बिल, विमानाने मागवल्याचा खर्च, हे कागद त्याच आठवड्यात फायलीला लावा. वर्षभराने ते मिळत नाहीत.

यापेक्षाही जास्त वेळा हक्क हातचा जातो तो कलम ५५ मुळे. वेळ हा कराराचा गाभा असताना तुम्ही उशिरा आलेला माल घेतलात, आणि घेतानाच भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही. प्रत्यक्षात काय होतं? वेंडर फोन करतो, "दहा दिवस द्या". बायर मेल करतो, "ठीक आहे, २५ तारखेपर्यंत पाठवा". या मेलने जुनी तारीखच संपली. मुदत वाढवताना एक वाक्य कायम हवं: "मूळ तारखेपासूनच्या उशिराची भरपाई वसूल करायचा आमचा हक्क राखून ही मुदतवाढ." ते मेलच्या तयार मजकुरातच घालून ठेवा, म्हणजे घाईत सुटणार नाही.

टक्का कशावर, तेही लिहा. पूर्ण ऑर्डरच्या किमतीवर की उशीर झालेल्या भागावर? उशीर झालेल्या भागावर ठेवणं मला न्याय्य वाटतं. ९०० नग वेळेवर देणाऱ्याला उरलेल्या १०० साठी हजार नगांवर कापणं बरोबर नाही, वादातही ते टिकायला जड जातं. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाने (१७८/१०/२०२२) स्पष्ट झालं आहे. त्यामुळे त्यावर कर लावून डेबिट नोट काढायची गरज नाही.

---

ठेका_आणि_सेवा
मंगळवार, दुपारी २:५०

धागा सगळा मालावर चालला आहे. विभागाच्या नावातला "करार" हा शब्द जास्त करून सेवांसाठी आहे: हाउसकीपिंग, सुरक्षा, लोडिंग-अनलोडिंग, एएमसी (वार्षिक देखभाल करार), बांधकाम, कॅन्टीन. मालाला जीआरएन असतो, सेवेला नसतो. म्हणून सेवेच्या करारात काम झालं हे कोण आणि कशावर सही करून सांगणार, ते आधी ठरवा. नाहीतर बिलावर ज्याची सही मिळेल त्याची घेतली जाते.

कंप्रेसरच्या एएमसीचं घ्या. "वर्षभर देखभाल, २,४०,००० रुपये" ही ओळ निरुपयोगी. वर्षातून किती भेटी, प्रत्येक भेटीत काय (तेल, एअर फिल्टर, सेपरेटर, बेल्टचा ताण), सुटे भाग धरून की वगळून, बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस, रविवार धरायचा का, आणि भेट चुकली तर किती कापायचं. पैसे तिमाही आणि काम झाल्यावर. आगाऊ वर्षाचे दिले की शेवटच्या दोन भेटींसाठी फोन करत बसावं लागतं.

माणसं पुरवणाऱ्या ठेक्यात धोका वेगळाच आहे. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ थकवला तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते. म्हणून दर महिन्याच्या बिलाला मागच्या महिन्याची पीएफची ईसीआर (कामगारांच्या नावानिशी वर्गणीची यादी) आणि चलन, ईएसआयचं चलन, हजेरीपट आणि बँकेतून पगार दिल्याची यादी जोडलेली हवी. चलन बघून थांबू नका. ईसीआरमधली नावं गेटच्या हजेरीशी ताडून पाहा. चलन दुसऱ्याच साइटच्या माणसांचं असू शकतं. तुमच्या दारातल्या ३२ पैकी २० जणांचीच नावं त्यात असतील, तर उरलेल्या १२ जणांचं म्हातारपण कोणीतरी खाल्लेलं असतं. खरेदीवाल्याने हे नुसतं कायद्याच्या भीतीने बघू नये.

आणि दर ठरवताना खालून गणित करा: किमान वेतन, त्यावर पीएफ १३ टक्के (प्रशासकीय शुल्क आणि विमा धरून), ईएसआय ३.२५ टक्के, बोनस, रजा, गणवेश. या बेरजेच्या खाली कोणी दर भरला असेल तर तो स्वस्त नाही. त्याचा फरक कामगाराच्या खिशातून जाणार आहे. अशी निविदा नाकारायची आणि नाकारण्याचं कारण तक्त्यात लिहायचं.

---

हिशेबनीस
मंगळवार, दुपारी ४:२०

बांधकाम आणि मशिनरीच्या करारात १० टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवतात. जीएसटीत बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे पोचले नाहीत तर तेवढ्या प्रमाणात घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं. त्यामुळे वर्षाच्या राखीव रकमेवर हे दर वेळी होतं आणि बहुधा ऑडिटमध्येच उघडं पडतं. सुटसुटीत मार्ग: पूर्ण रक्कम द्या आणि १० टक्क्यांची बँक गॅरंटी घ्या.

गॅरंटीचा कागद वेंडरच्या हातून आला तर त्यावर विसंबू नका. देणाऱ्या बँकेकडून एसएफएमएसवर (बँकांमधली संदेश यंत्रणा) आपल्या बँकेला संदेश आला का ते पाहा, किंवा आपल्या बँकेमार्फत लेखी खात्री मागवा. मुदत संपायच्या ४५ दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर टाका. मजकुरात "मागणी करताच, कोणताही वाद न घालता" असे शब्द आहेत का ते वाचा. "नुकसान सिद्ध झाल्यास" असं असेल तर तो कागद कपाटात ठेवण्यापुरताच.

---

दोन_सह्या
बुधवार, सकाळी ९:१५

अधिकारांच्या वाटणीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. वेंडर मास्टर उघडणारा, पीओ काढणारा, माल घेणारा आणि पैसे सोडणारा, ही चार वेगळी माणसं हवीत. कारखाना लहान असेल तर निदान पहिला आणि दुसरा एक नको, तिसरा आणि चौथा एक नको.

मंजुरीची मर्यादा चुकवायला पीओचे तुकडे पाडणं कसं ओळखायचं? मॅनेजरची मर्यादा ५०,००० असेल तर ४५ ते ५० हजारांमधल्या, एकाच वेंडरच्या, एकाच आठवड्यातल्या पीओंची यादी महिन्यातून एकदा काढा. दर वेळी लबाडीच असते असं नाही. बऱ्याचदा वरची सही मिळायला आठ दिवस लागतात म्हणून लोक वाट काढतात. तेव्हा मर्यादा वाढवा किंवा सही लवकर द्या, नुसतं दटावून ते थांबत नाही.

सध्याची सर्वांत मोठी गळती बँक खात्याची. ओळखीच्या वेंडरच्या नावाने मेल येतो: आमचं खातं बदललं, पुढचे पैसे इथे पाठवा. मेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा असतो, किंवा त्याचीच मेलपेटी फोडलेली असते. मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. मास्टरमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर, मालकाशी बोलायचं. रद्द केलेला चेक, एक रुपया पाठवून नावाची खात्री, दोघांची सही, आणि बदलानंतरचं पहिलं पेमेंट दोन दिवस थांबवून. एवढं केलं तरी अर्ध्या तासाचं काम आहे.

---

नवा_बायर
बुधवार, दुपारी १२:३०

सगळ्यांचे आभार. @ओतीवकाम, फौंड्री बदलायची वेळ आली तर पॅटर्न (ज्यावरून कास्टिंगचा साचा काढतात तो नमुना) परत मिळत नाही असं ऐकतो. पीओत काय लिहावं?

---

ओतीवकाम
बुधवार, सायंकाळी ५:००

पॅटर्न न मिळण्याची कारणं दोन: मालकी कोणाची हे लिहिलेलं नसतं, किंवा फौंड्रीचे पैसे थकलेले असतात. दुसऱ्याला औषध एकच, थकबाकी द्या. पहिल्यासाठी:

पॅटर्न आणि कोअर बॉक्सची (आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा बनवायचा साचा) वेगळी पीओ काढा, कास्टिंगच्या किलोच्या दरात मुरवू नका. दरात मुरवला की किती नगांनंतर तो तुमचा झाला यावर वाद होतो. मुरवायचाच असेल तर "पहिल्या ५,००० नगांत वसूल, त्यानंतर मालकी आमची" असं नगांसकट लिहा, आणि ५,००० झाल्यावर दर तेवढ्याने खाली आला का ते बघा. बघितलं नाही तर वर्षानुवर्षं पॅटर्नचे पैसे जात राहतात.

पॅटर्नवर कंपनीचं नाव, भाग क्रमांक आणि रिव्हिजन कोरून घ्या, रंगवून नको, रंग वाळूने उडतो. लाकडी आहे की अॅल्युमिनियमचा, किती तुकडे, किती कोअर बॉक्स, याची फोटोसह यादी दोघांच्या सहीने. ती दरवर्षी फौंड्रीत जाऊन ताडायची. किती मोल्डनंतर दुरुस्ती आणि ती कोणाच्या खर्चाने, तेही लिहा. झिजलेल्या पॅटर्नमुळे मापं सरकतात आणि दोष मोल्डरवर येतो. आगीचा विमा कोण काढणार याची एक ओळ.

शेवटची अट: "लेखी मागणीनंतर ७ दिवसांत, मान्य थकबाकी दिल्यावर, पॅटर्न चालू स्थितीत परत." यातला "मान्य" हा शब्द गाळू नका. तो नसला की वादातल्या एका डेबिट नोटेवर पॅटर्न अडकून बसतो. आणि मागणी करायच्या आधी किमान सहा आठवड्यांचं कास्टिंग स्टोअरमध्ये असू द्या. नव्या फौंड्रीत पॅटर्न बसवणं, रनर-रायझर (साच्यात धातू जाण्याच्या आणि भरण्याच्या वाटा) बदलणं, नमुन्याचे नग कापून बघणं आणि मापांना मंजुरी मिळणं याला तेवढा वेळ लागतोच.